कृत्तिकांचं टपाल

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची रत्नागिरीला येते. दोन दिवस फराळावर हात मारून झाला, की तिच्या डोक्यात खुळं शिरायला लागतात. यंदाचं खूळ होतं कालयंत्र. शाळेच्या वाचनालयातून तिनं इंग्लंडच्या ट्युडर राजांवरचं पुस्तक आणलं होतं आणि चकलीच्या तेलाचे डाग पाडत पाडत ते संपवलंही होतं.

“मावशी, मला कालयंत्र मिळालं ना, तर मी पहिल्यांदा आठव्या हेन्रीकडे जाणार,” तिनं जाहीर केलं. “सहा राण्या होत्या त्याला. त्यातल्या दोघींची त्यानं डोकी उडवली!”

“आणि अशा माणसाकडे तू पाहुणी म्हणून जाणार?”

“जवळ नाही गं जाणार. झाडामागून बघणार.”

“बरं. मग आज रात्री भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊ. तिथे आहे एक कालयंत्र. तिकीट नाही, वीज लागत नाही. फक्त एक गंमत आहे. त्यात बसून आपण कुठे जात नाही, जुना काळच आपल्याकडे येतो.”

तिनं डोळे बारीक केले. मोठी माणसं थापा मारतात, हे तिला चांगलं ठाऊक आहे. पण बॅटरी घेऊन चपला घालायला ती माझ्याआधी दारात होती.

लाल बटण दाबण्याआधी

भाट्याचा पूल येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून तिनं आपल्या यंत्राचा आराखडा सांगून टाकला. एक खुर्ची, एक पट्टा, वर्ष टाकायला आकडे आणि एक मोठं लाल बटण. “बस्स! १५४५ टाकायचं आणि बटण दाबायचं.”

“आणि उतरणार कुठे?”

“जिथे बसले होते तिथेच की.”

इथेच पहिली पंचाईत होते. आपल्याला वाटतं आपण एका जागी बसलोय, पण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं धावते आहे. तू नुसतं एक मिनिट मागे गेलीस, तरी त्या वेळी पृथ्वी १,८०० किलोमीटर मागच्या जागी होती. म्हणजे पृथ्वी तिथे, आणि तू खुर्चीसकट अंतराळात लोंबकळतेस! शिवाय सूर्यही आपला सगळा गोतावळा घेऊन आकाशगंगेत फिरतोच आहे. म्हणून कालयंत्राला नुसतं ‘केव्हा’ सांगून भागत नाही, ‘कुठे’ हेही सांगावं लागतं.

“मग पत्ता टाकायची पण सोय करते,” ती म्हणाली. भाची हुशार आहे.

दुसरी पंचाईत तारखेची. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग दुरुस्त केलं. जुन्या हिशेबात वर्ष काही मिनिटांनी लांब धरलं होतं आणि शतकानुशतकं ती मिनिटं साठत गेली होती. मग काय, स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या बऱ्याच भागात त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर उजाडला. मधले दहा दिवस गायब! इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ, म्हणजे आठव्या हेन्रीची मुलगी, हिच्या देशानं मात्र हा बदल केला नाही. तो व्हायला थेट १७५२ साल उजाडलं. म्हणजे एकाच सकाळी लिस्बनमध्ये २० तारीख असायची, तेव्हा लंडनमध्ये १० तारीख. तू यंत्रात नेमकी कुणाची तारीख टाकणार?

“माझा वाढदिवस त्या दहा दिवसांत आला असता तर?”

“तर त्या वर्षी केक बुडाला असता.”

ती बराच वेळ गप्प बसली. पूल संपला.

तिसरी पंचाईत सगळ्यात मोठी. मुळात काळात असं मागेपुढे जाता येतं का? पुढे जाता येतं, आणि माणसं गेलीही आहेत. जो वेगानं जातो त्याचं घड्याळ किंचित हळू चालतं, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली सांगितलं. १९७१ साली दोन शास्त्रज्ञांनी अतिशय अचूक अशी अणुघड्याळं चक्क प्रवासी विमानांत ठेवून जगाभोवती फिरवली. परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिलं, तर खरोखरच सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा फरक पडला होता. अंतराळस्थानकात सहा महिने राहून येणारा अंतराळवीर आपल्यापेक्षा सुमारे ०.००५ सेकंदानं तरुण राहतो. म्हणजे तो तेवढा आपल्या भविष्यात येऊन उतरतो.

“एवढंसंच?” तिचा चेहरा पडला.

“एवढंसंच. पण खरं.”

मागे जायची वाट मात्र आजवर कुणाला सापडलेली नाही. स्टीफन हॉकिंग यांनी याची एक मजेदार परीक्षा घेतली. २८ जून २००९ रोजी त्यांनी एक मेजवानी ठेवली, फक्त कालप्रवाशांसाठी. फुगे लावले, खाणंपिणं मांडलं, आणि निमंत्रणं मेजवानी होऊन गेल्यावर जाहीर केली. म्हणजे भविष्यात कधी कुणी कालयंत्र बांधलं, तर तो ते निमंत्रण वाचून मागे येईल आणि बरोबर वेळेवर दारात उभा राहील. हॉकिंग वाट बघत बसले. एक माणूस फिरकला नाही.

हेन्रीच्या जहाजावर

भाट्याला सुरूच्या बनाजवळ आम्ही स्कूटर लावली. भाऊबीजेची रात्र, चंद्राची कोर कधीच समुद्रात बुडालेली. उत्तरेला खाडीपलीकडे मांडवीचे दिवे आणि त्याच्यापुढे भगवतीच्या किल्ल्यावरचं दीपगृह लुकलुकत होतं. वाळूवर चटई टाकली.

“म्हणजे हेन्रीचं जहाज बघता येणार नाहीच ना?” ती हिरमुसून म्हणाली. तिला मेरी रोझ हे जहाज बघायचं होतं.

“अगो, बघता येतं की! तेच आपल्याकडे आलंय.”

झालं असं. १५४५ सालच्या जुलैमध्ये १९ तारखेला (हो, जुन्या पंचांगातल्या!) इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरासमोर फ्रेंच आरमाराशी लढाई चालली होती. किनाऱ्यावरच्या किल्ल्यातून राजा बघत होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं आवडतं जहाज कलंडलं आणि बुडालं. सुमारे ५०० माणसांतली जेमतेम ३०-३५ वाचली. जहाजाची एक बाजू समुद्रतळाच्या मऊ गाळात रुतली आणि हळूहळू गाळानं तिला पांघरूण घातलं. उघड्यावर राहिलेलं लाकूड समुद्रातल्या किड्यांनी आणि प्रवाहांनी संपवलं. पण गाळाखाली हवा पोचत नाही. हवा नाही, तर कुजवणारे जीव फारसे जगत नाहीत. आपण लोणच्यावर तेलाचा थर ठेवतो ना, तसंच काहीसं.

सव्वाचारशेहून जास्त वर्षं ते लोणचं मुरलं. मग ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा तो अर्धा भाग पाण्याबाहेर काढला. सुकून तडकू नये म्हणून कित्येक वर्षं त्याच्यावर फवारे मारत ठेवले, आधी पाण्याचे आणि मग लाकडात शिरून त्याला आधार देणाऱ्या मेणासारख्या रसायनाचे. जहाजाबरोबर १९,००० हून जास्त वस्तू मिळाल्या. धनुष्यं, बाण, चामड्याचे जोडे, वाद्यं, लाकडी थाळ्या. एका छोट्या कुत्र्याचा सांगाडाही मिळाला, जहाजावरच्या सुताराच्या खोलीच्या दारापाशी. आणि फण्या! काही फण्यांत अजून उवा अडकलेल्या होत्या.

“ईईई!” भाचीनं स्वतःच्या वेण्या घट्ट धरल्या. पण डोळे चमकले होते. राजाचं चित्र पाहून जे कळत नाही, ते उवेनं सांगितलं. ट्युडर खलाशाचंही डोकं आपल्यासारखंच खाजत होतं.

शास्त्रज्ञांनी खलाशांचे दातसुद्धा तपासले. लहानपणी आपण जे पाणी पितो, जे खातो, त्याच्या खुणा दातात कायमच्या राहतात. त्यावरून कळलं, की त्यातले काही जण इंग्लंडपेक्षा उबदार प्रदेशांत वाढले असावेत. आणि आणखी काय मिळालं, सांगू? मिऱ्याचे दाणे. काळी मिरी!

“आपली?”

“त्या काळी युरोपात जी मिरी जायची, तिच्यातली बरीचशी मलबारच्या किनाऱ्यावर पिकायची. म्हणजे याच समुद्राच्या काठची, जरा दक्षिणेकडची. आजीच्या परसात पोफळीवर जो वेल चढलाय ना, त्याच्याच जातीची.”

राजा हेन्रीचं जहाज, आणि त्यात आजीच्या परसातला वास. भाचीला हे एकदम पटलं नाही. म्हणाली, “ते मिरी मागवत असतील गं. पण ट्युडरांची माणसं थोडीच कधी रत्नागिरीला आली?”

“रत्नागिरीत उतरली नसतील,” मी म्हटलं, “पण या समोरच्या पाण्यातून गेली. कैदी म्हणून.”

समोरून गेलेलं जहाज

१५८३ सालच्या फेब्रुवारीत लंडनहून टायगर नावाचं जहाज निघालं. त्यात जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी होते, विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या होता आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार होता. त्यांच्याजवळ एलिझाबेथ राणीचं पत्र होतं, अकबर बादशहासाठी. पत्रात बादशहाचं नाव काय लिहिलं होतं माहीत आहे? ‘झेलाब्दिम एचेबार’! जलालुद्दीन अकबर हे नाव कुणाकुणाच्या तोंडून लंडनला पोचेपर्यंत त्याचं असं झालं होतं.

हे लोक सीरियाच्या किनाऱ्यावर उतरले, तिथून बगदाद, बसरा करत होर्मूझला पोचले. तिथे पोर्तुगिजांनी त्यांना हेर समजून पकडलं आणि जहाजात घालून गोव्याकडे रवाना केलं. नोव्हेंबरमध्ये ते जहाज चौलला आलं. अलिबागजवळचं रेवदंडा-चौल, तेच ते. तिथे फिचनं नारळीची झाडं पाहिली आणि तो चकितच झाला. एकच झाड फळ देतं, तेल देतं, दारू देतं, दोर देतं, घर शाकारायला झावळ्या देतं! जगात याहून उपयोगी झाड नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय.

“हे तर आपल्याला माहीतच आहे,” भाची म्हणाली.

“आपल्याला आहे. पण लंडनच्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा माड बघितला, तर त्याला काय वाटलं असेल?”

आता चौलहून गोव्याला निघालेलं जहाज कुठून जाणार? समोर बघ. याच पाण्यातून. त्या नोव्हेंबरात तू इथे उभी असतीस, तर काय दिसलं असतं? हा पूल नाही. किल्ल्यावर दीपगृह नाही. मुलूख विजापूरच्या आदिलशाहीचा, आणि तिथला सुलतान इब्राहिम तुझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा. अगदी लहानपणी गादीवर बसलेला, म्हणून सुरुवातीला त्याच्या वतीनं चांदबिबी कारभार बघत होती. शिवाजी महाराज जन्मायला अजून ४७ वर्षं होती. पैठणला संत एकनाथ होते. पुढच्याच वर्षी, १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करून पुरी केली. तिकडे इंग्लंडमध्ये शेक्सपिअर आणि इटलीत गॅलिलिओ, दोघंही एकोणीस वर्षांचे होते आणि अजून कुणी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं.

“आणि जेवायला काय मिळालं असतं?”

हा प्रश्न महत्त्वाचाच. भात, मासे, नारळ, कोकम मिळालं असतं. बटाटेवडा नाही. बटाटा, टोमॅटो, मिरची, काजू ही सगळी मंडळी मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज जहाजांतून एकेक करून ती आपल्या किनाऱ्यावर येत गेली, आणि काही तर तोवर आलीही नव्हती. झणझणीत हवं असेल तर मिरी होती. हापूसच्या आजच्यासारख्या बागाही नव्हत्या. हापूस हे नावच मुळी पोर्तुगीज ‘अल्फान्सो’वरून आलंय.

“नोव्हेंबरात आंबा कुठला आलाय, मावशी?”

हरले मी.

गोव्यात त्या चौघांना तुरुंगात टाकलं. आता गंमत ऐक. गोव्यात तेव्हा त्यांच्याच देशाचा एक माणूस होता. थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातला, १५४९ च्या सुमारास जन्मलेला, म्हणजे पक्का ट्युडर काळातला. तो जेजुइट या ख्रिस्ती संघात शिरून लिस्बनहून निघाला आणि साडेसहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोचला होता. त्यानं खटपट केली आणि जामीन मिळवून या मंडळींना सोडवलं. पुढे एप्रिल १५८४ मध्ये फिच, न्यूबेरी आणि लीड्स गोव्यातून गुपचूप निसटले. बेळगाव, विजापूर, बऱ्हाणपूर करत अकबराच्या मुलखात गेले. चित्रकार मात्र गोव्यातच राहिला. फिच पुढे थेट ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला आणि १५९१ मध्ये घरी पोचला. पुढे तीनशे वर्षांनी त्याच ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी कैदी करून कुठे ठेवलं? आपल्या रत्नागिरीत! १८८६ साली. काल आपण त्याचाच राजवाडा बघून आलो.

आणि स्टीफन्स? तो कधीच परत गेला नाही. तो इथली भाषा शिकला. नुसती बोलायला नाही, तर तिच्यात ओव्या रचण्याइतकी. ‘क्रिस्तपुराण’ हा त्याचा जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ १६१६ साली गोव्यात छापला गेला. त्यात त्यानं मराठीचं तोंड भरून कौतुक केलंय. पण तिथल्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी छापली रोमन अक्षरांत.

“म्हणजे मी मोबाइलवर टाइप करते तशी!”

“तश्शी. तेव्हा, ट्युडर माणसाशी गप्पा मारायच्या असतील तर लंडनला जाऊ नकोस. तिथलं तेव्हाचं इंग्रजी तुझ्या बाईंनाही कळायचं नाही. गोव्यात उतर. तिथे एक ट्युडर माणूस तुझ्याशी मराठीत बोलेल.”

आता मागे वळ

“पण कालयंत्र कुठाय?” तिला आठवण राहिलीच होती.

“समुद्राकडे पाठ कर. सुरूच्या शेंड्यांवर बघ.”

पूर्वेला, झाडांच्या वर, चांदण्यांचा एक लहानसा पुंजका होता. कुणी मूठभर साखर सांडावी तसा. “कृत्तिका!” तिनं ओळखल्या. कार्तिकेयाला वाढवणाऱ्या त्या सहा जणी. आपल्या कार्तिक महिन्याचं नावही त्यांच्यावरून पडलंय, कारण या महिन्यातल्या पौर्णिमेला चंद्र त्यांच्या आसपास असतो. साध्या डोळ्यांना बहुतेकांना सहा चांदण्या दिसतात. गॅलिलिओनं दुर्बीण रोखली तेव्हा त्याला कितीतरी जास्त दिसल्या, आणि १६१० साली छापलेल्या चित्रात त्यानं छत्तीस दाखवल्या. खरं तर त्या पुंजक्यात हजाराहून जास्त तारे आहेत.

आता प्रकाशाचं बघू. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. वेगवान आहे, पण त्यालाही वेळ लागतोच. ते दीपगृह चमकलं, तो प्रकाश तुझ्या डोळ्यांत शिरेपर्यंत सेकंदाचा एखाद-दुसरा लाखांश भाग उलटला. चंद्रावरून यायला त्याला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. संध्याकाळी तू समुद्रात बुडताना पाहिलास तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा होता. म्हणजे आपण जे जे बघतो, ते सगळं शिळंच असतं. माझा चेहरासुद्धा तू किंचित शिळाच बघते आहेस.

“मला वाटलंच होतं!”

दुर्लक्ष करून मी पुढे गेले. आता कृत्तिकांच्या खाली ती तांबूस चांदणी बघ, रोहिणी. तिचा प्रकाश यायला सुमारे ६५ वर्षं लागतात. हा आत्ता दिसतोय तो आजी शाळेत होती तेव्हा निघालेला. रात्री उशिरा व्याध उगवेल, त्याचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वीचा. तू बालवाडीतही गेली नव्हतीस तेव्हाचा. आणि कृत्तिका?

“किती?”

“सुमारे ४४० वर्षं.”

तिनं बोटं मोजली. मग वाळूवर काडीनं वजाबाकी केली. बॅटरीच्या उजेडात उत्तर आलं आणि ती ताडकन उभी राहिली. “मावशी! १५८५!”

“सुमारे. पाच-सात वर्षं इकडेतिकडे धर.”

म्हणजे बघ. फिचचं जहाज या पाण्यातून गेलं, त्याच सुमाराला हा प्रकाश कृत्तिकांवरून निघाला. एलिझाबेथ गेली, ट्युडर घराणं १६०३ साली संपलं. शिवाजी महाराज जन्मले, स्वराज्य झालं, पेशवाई आली नि गेली, टिळक याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मले, थिबा राजा आला, आजी जन्मली, तू जन्मलीस. हा प्रकाश आपला चालतोच आहे, चालतोच आहे. आणि आज भाऊबीजेला तो तुझ्या डोळ्यांत येऊन थांबला. ४४० वर्षांचं टपाल, पत्ता तुझा.

ती काही बोलली नाही. मान वर करून बघत राहिली.

पत्रावरची तारीख

“पण कृत्तिका ४४० वर्षांवरच आहेत, हे कुणी मोजलं? टेप कुणी लावला?” थोड्या वेळानं प्रश्न आला. अगदी बरोबर प्रश्न.

तूही करून बघ. हात लांब करून अंगठा समोर धर. आधी डावा डोळा मीट, मग उजवा. अंगठा मागच्या झाडांसमोर इकडून तिकडे उडी मारतो ना? आता अंगठा नाकाजवळ आण. उडी मोठी झाली. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. किती सरकली ते मोजलं की अंतर काढता येतं. ताऱ्यांसाठी मात्र आपले दोन डोळे फारच जवळजवळ आहेत. मग एक डोळा जानेवारीत ठेवायचा नि दुसरा जुलैत! सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, म्हणजे दोन ‘डोळ्यां’मध्ये ३० कोटी किलोमीटर अंतर पडतं. तरीही कृत्तिका किती सरकतात? ३०० किलोमीटर दूर ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तेवढ्याच.

इतकी बारीक मोजणी म्हटल्यावर भांडण होणारच. १९८९ साली सोडलेल्या हिपार्कस या उपग्रहानं मोजून सांगितलं, कृत्तिका साधारण ३९० प्रकाशवर्षं दूर आहेत. इतर पद्धतींनी मोजणारे म्हणाले, नाही, ४४० च्या आसपास. आता तूच बघ, या भांडणात आपल्या पत्राची तारीख केवढी बदलते. ३९० खरं असेल, तर हा प्रकाश १६३५ च्या सुमाराचा. पत्र छोट्या पाच वर्षांच्या शिवबाच्या काळातलं. ४४० खरं असेल, तर ट्युडर राणीच्या काळातलं. बरीच वर्षं हा वाद चालला. शेवटी रेडिओ दुर्बिणींच्या मोजणीनं आणि २०१३ साली सोडलेल्या गाया या उपग्रहानं निकाल दिला, ४४० च्या बाजूनं.

पण सगळ्याच पत्रांवर तारीख सापडत नाही बरं. आपल्या इथे उक्षीला, कशेळीला, बारसूला सड्यावर कातळशिल्पं आहेत. जांभ्या दगडात कोरलेले हत्ती, मासे, माणसं, कसल्या कसल्या आकृत्या. कशेळीचा हत्ती तर एखाद्या घराहून मोठा आहे. हेही टपालच, आणि ट्युडरांच्या कितीतरी आधीचं. पण नुसत्या कोरलेल्या दगडाचं वय काढणं फार अवघड. लाकूड, हाड, कोळसा असेल तर त्यातल्या कार्बनवरून काळ सांगता येतो. दगडात तसं काही नसतं. म्हणून ही हजारो वर्षांची जुनी चित्रं, इतकंच आत्ता म्हणता येतं. पत्र पोचलंय, वाचायला कुणीतरी हवंय. मोठी झालीस की बघ जमतंय का.

उलट टपाली

“मावशी,” ती चटईवर आडवी होऊन म्हणाली, “फिचनं पण कृत्तिका पाहिल्या असतील?”

असतील की. नोव्हेंबरात मध्यरात्री त्या अगदी डोक्यावर येतात, आणि समुद्रावरच्या माणसाला रात्री आकाशाशिवाय दुसरं बघायला तरी काय असतं! पण त्याला दिसलेला प्रकाश त्याच्याही आधी ४४० वर्षं निघालेला. म्हणजे ११४३ च्या आसपासचा. त्या वेळी भास्कराचार्य एकोणतीस वर्षांचे होते. ‘लीलावती’ हा त्यांचा गणिताचा ग्रंथ लिहून व्हायला अजून सात वर्षं होती.

“फिचला भास्कराचार्यांच्या वेळचं टपाल मिळालं आणि मला फिचच्या वेळचं,” ती पुटपुटली. मग एकदम उठून बसली. तिनं बॅटरी उचलली आणि सुरूच्या शेंड्यांवरून थेट कृत्तिकांवर रोखली. चालू, बंद. चालू, बंद. चालू, बंद.

“हे काय?”

“उलट टपाली उत्तर. कधी पोचेल?”

मी हिशेब केला. या एवढ्याशा बॅटरीचा प्रकाश पसरत पसरत इतका विरळ होणार, की तिथे कुणाला तो दिसायचा नाही. शिवाय ते तारे अगदी कोवळे आहेत, सुमारे दहा कोटी वर्षांचे. आपल्याकडे डायनोसॉर फिरत होते तेव्हा जन्मलेले. तिथे पत्र वाचणारं कुणी असण्याची शक्यता कमीच. पण बॅटरीच्या प्रकाशातला एखादा कण वाटेत कशावर आपटला नाही, तर तो पोचेल.

“साधारण २४६५ मध्ये,” मी म्हटलं. “आणि तिथून उलट उत्तर आलंच, तर २९०५.”

तिनं मान डोलावली, जणू कुरिअरवाल्यानं परवाची तारीख दिली होती.

“पण तीनदा का लावलीस?”

“एकदाच लावली तर त्यांना वाटेल, चुकून लागली,” ती म्हणाली आणि चटईची वाळू झटकायला लागली.